सावलीकडची खिडकी

४ जानेवारी

प्रिय पायलट,

फोनवर तुला काही सांगितलं की तू "हो गं ताई, करतो गं ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला पळता येत नाही.

तुझ्या लेकीच्या लग्नाला मी येणार हे नक्की. इस्पितळाच्या शिवणखोलीतून रजा मिळाली. आमच्या मुख्य बाईंनी आधी तोंड वाकडं केलं, फाटक्या अभ्र्यांचा ढीग दाखवला. मग मीच म्हटलं, हे अंथरुणाला खिळून होते तेव्हा इतक्या वर्षांत मी कधी जादा रजा मागितली नाही, आता ते गेले, आता तरी मला सोडा. तेव्हा कुठे सही झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पोचायचं आणि लग्न झालं की दुसऱ्या दिवशी दुपारी परत. त्याहून जास्त मिळत नाही.

विमानात मी पहिल्यांदाच बसणार. मी चिडवून पायलट म्हणते खरी, पण तू विमानतळाच्या काउंटरवर बसून लोकांना सीटा वाटतोस, आणि आपलं सगळं खानदान तुझ्याकडून खिडक्या मागून जग बघून आलं. आता माझी पाळी. मला उजवीकडची खिडकी हवी. तूच मागे सांगितलं होतंस की सकाळचं विमान तुमच्याकडे उतरताना आपल्या टेकडीच्या अगदी कडेने येतं, आणि उजवीकडे बसलं तर आईचं घर, त्याचा पत्रा, पुढचं अंगण सगळं ओळखू येतं.

टेकडीवर जायचा रस्ता खचला म्हणून मला वर जाता येत नाही. गुडघ्यांमुळे आईला खाली आणता येत नाही. फोनवर तिला ऐकू येत नाही. मग निदान वरून तरी बघू दे. मी दोन लाल चादरी जोडून एक मोठी शिवली आहे, ती तुझ्याकडे पार्सलने पाठवते. तुझा जो माणूस आईचं सामान वर नेतो त्याच्याकडे दे, आणि आईला मोठ्या अक्षरात लिहून कळव: त्या दिवशी सकाळी ही चादर अंगणात पसर आणि तिच्याजवळ उभी राहा, तुझी लेक वरून जाणार आहे.

बाकी भेटीत बोलू.

तुझी ताई


१२ जानेवारी

ताई,

पाया पडतो. आता जरा शांतपणे ऐक, कारण हा माझा प्रांत आहे.

खिडकी मागणारी बहुतेक माणसं फसतात. खिडकी मिळाली म्हणून खूश होतात आणि आत जाऊन बघतात तर बाहेर नुसता पंख. म्हणून मधल्या ओळी सोडायच्या. पंखाच्या लगेच मागे बसलं तर इंजिनाची गरम हवा डोळ्यांसमोरून जाते आणि खालचं सगळं थरथरतं. एक ओळ तर अशी असते की तिथे खिडकीच नसते, नुसती प्लॅस्टिकची भिंत. ज्यांच्याशी माझं पटत नाही त्यांच्यासाठी ती मी राखून ठेवतो. तुझ्या नणंदेला गेल्या वर्षी तीच दिली होती, बोलू नकोस.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ऊन. सकाळचं विमान उत्तरेला जातं, म्हणजे ऊन उजवीकडे. तिथे बसणारा सूर्य डोळ्यांत घेऊन बसतो आणि थोड्या वेळात वैतागून खिडकीची झापड ओढतो. नेहमी सावलीच्या बाजूला बसावं, हे मी नवीन पोरापोरींना पहिल्या दिवशी शिकवतो. शिवाय डावीकडे काय आहे ते विचार. अख्खं सरोवर, त्याच्या पलीकडे बर्फाची रांग. लोक त्यासाठी माझ्या काउंटरवर येऊन हुज्जत घालतात. पहिल्यांदा बसते आहेस तर डोळ्यांचं पारणं फिटू दे.

टेकडी कसली बघतेस! वरून घर काडेपेटीएवढं दिसतं आणि ओळखू येण्याआधी मागे पडतं. मी तसं म्हणालो असेन तर बोलण्याच्या भरात म्हणालो असेन.

आई ठीक आहे. दगदग करून घेऊ नकोस म्हणते.

तुझा धाकटा


२० जानेवारी

पायलट,

तुझं व्याख्यान मी शिवणखोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. मुख्य बाई म्हणाल्या, हा माणूस सीट देतो की स्थळ सुचवतो?

तरीही मला उजवीकडचीच हवी. ह्यांच्या खाटेशेजारच्या खिडकीतून मला इतकी वर्षं समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे नळ दिसायचे. त्या डोळ्यांना तू सरोवर दाखवू म्हणतोस, त्यात तुझी माया आहे हे कळतं मला. पण मी देखाव्यासाठी येत नाही रे. ऊन लागलं तर कपाळाला हात लावीन. मध्ये पंख आला तर मान वाकडी करीन.

बाबा गेल्यावर आईला माझ्याकडे आणते म्हटलं, तेव्हा तू म्हणालास, तुझ्या घरात एक आजारी माणूस आहे तेवढं पुरे, घर आणि आई दोन्ही मी बघतो. मी ऐकलं. त्यानंतर आईचं जे काही मला कळतं ते तुझ्या पत्रातल्या एका ओळीत कळतं. आई ठीक आहे. आई जेवते. आई म्हणते दगदग नको. ती एवढंच बोलते का? पूर्वी तर समोरच्याला बोलू देत नसे. माझ्यावर रागावली असेल तर तेही लिही, मी काही मोडून पडत नाही.

चादर पोचली का?

ताई


३० जानेवारी

ताई,

तिकिटं सोबत आहेत. उजवीकडच्या पुढच्या सगळ्या खिडक्या आधीच गेल्या होत्या, कुणीतरी मोठा गट आहे. मी खूप खटपट केली. तुला डावीकडची दिली आहे, पुढची ओळ, पंखाचा प्रश्न नाही. येताना आणि जाताना, दोन्ही वेळा डावीकडची. येताना सकाळी ऊन उजवीकडे. परतीच्या विमानाला ऊन पश्चिमेला गेलेलं, म्हणजे पुन्हा उजवीकडेच. तू दोन्ही वेळा सावलीत. इतकी चोख सीट मी माझ्या साहेबांनासुद्धा दिलेली नाही.

चादर पोचली. आईला आवडली. तू उजवीकडे नसलीस म्हणून काय झालं, ती पसरणार आहे आणि उभीही राहणार आहे. तिला वाटायचं ते समाधान वाटेलच.

लग्नाच्या गडबडीत मी कसा वागेन सांगता येत नाही, आधीच माफ कर.

धाकटा


१७ फेब्रुवारी, विमानतळावरून

पायलट,

विमान सुटायला अवकाश आहे. तू मला दारातून आत ढकलून मंडपवाल्याचा हिशेब मिटवायला पळालास, म्हणून नीट बोलणं झालंच नाही. समोर टपालपेटी आहे, त्यात हे टाकून जाते.

तुझं सरोवर पाहिलं. खोटं कशाला बोलू, सुंदर आहे. बर्फावर ऊन पडलं होतं आणि माझ्या मागची बाई देवाचं नाव घेत होती. आणि मला त्या सगळ्याचा राग आला. उतरायची वेळ झाली तेव्हा मी पलीकडच्या रांगेतल्या खिडकीजवळच्या गृहस्थांना विचारलं, तुम्हाला खाली टेकडीवर काही लाल दिसतं का. ते म्हणाले, बाई, डोळ्यांवर ऊन येतंय, आणि त्यांनी झापड खाली ओढली. तू म्हणाला होतास अगदी तस्सं.

लग्न छान झालं. माझी भाची हसरी आहे, तशीच राहो. नंतर तू मला बाजूला घेऊन सांगितलंस की आई अंगणात उभी होती, तुझ्या माणसाने पाहिलं, दोन्ही हात हलवत होती. ती हलवत होती आणि मी दुसरीकडे तोंड करून बर्फ बघत होते.

तुझ्या बायकोबद्दल मी मनात अढी ठेवून आले होते, ती जरा सैल झाली. लग्नाच्या गर्दीतही ती ड्रायव्हरकडे जेवणाचा डबा देत होती आणि "म्हातारीला चावत नाही, बारीक करून भरवा म्हणावं" असं बजावत होती. मी विचारलं, कोण म्हातारी? तर म्हणाली, आहे एक ओळखीची. जिभेने कडू असली तरी हात सढळ आहे तिचा. हे तिला सांगितलंस तरी चालेल.

बोलावताहेत. निघते.

ताई


१८ फेब्रुवारी

कालपासून फोन करते आहे. तू उचलत नाहीस.

विमान वर चढलं, वळलं आणि दक्षिणेला लागलं. मी डावीकडे होते, तू दिलेल्या सीटवर. ऊन पलीकडे होतं. काच स्वच्छ होती. पंख मध्ये आला नाही. तुझं सगळं अगदी बरोबर निघालं.

खाली टेकडी होती. नदीचं वळण ओळखलं, शाळेचं मैदान ओळखलं, पाण्याची टाकी ओळखली. टाकीच्या वर आपलं घर असायला हवं. तिथे काही नाही. अर्धी टेकडीच नाही. पायऱ्या पायऱ्यांनी कापून नेली आहे, आतून पांढरी निघाली आहे, आणि वर गेलेल्या रुंद रस्त्यावरून ट्रक चालले होते. रस्ता खचला म्हणतोस तो हाच.

घर कधी गेलं, कुणाला विकलं, काय आलं, ते मी विचारत नाही. ते तुझं तू बघ.

आई कुठे आहे?


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र हातात घेऊन मी काउंटरवर बसलो होतो आणि लोक माझ्यासमोर रांगेत उभे होते. आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो की परत येताना बाजू बदलते. आणि स्वतः फक्त ऊन बघितलं. हात सवयीने गेला गं. बुद्धी भ्रष्ट झाली होती म्हण.

आई सुखरूप आहे. इथेच आहे, शहरात. वृद्धांसाठी एक निवास आहे, स्वच्छ आहे, डॉक्टर येतात. बाबा गेल्यावर दुसऱ्या वर्षी ती अंगणात पडली. त्याआधीच खाणवाल्याने टेकडीचा खालचा भाग घेतला होता, सुरुंगांनी भिंतींना तडे गेले होते. तिला आमच्याकडे आणली. तुझी भावजय आणि ती, तुला माहीतच आहे, एका छताखाली महिनाभर राहिल्या आणि मला कामावरून घरी यावंसं वाटेना. मग ही सोय केली. मग घर रिकामं ठेवून काय करायचं, म्हणून तेही दिलं. मी काही चैन केली नाही.

तुला सांगणार होतो. पण तेव्हा तुझ्याकडे मेहुण्यांचं ते असं. तुला कळलं असतं तर तू तिथे नुसती तळमळली असतीस, करता काहीच आलं नसतं. एकदा लपवलं की पुढच्या वेळी सांगणं आणखी अवघड होतं. लग्नात तिला आणली असती तर सगळ्यांसमोर तमाशा झाला असता. लेकीचं लग्न होतं ताई, माझाही विचार कर.

तू आता घाईने काही करू नकोस. मी दर रविवारी तिच्याकडे जातो. एकदाही चुकवलेलं नाही. तूही कधीतरी सवडीने ये, मी घेऊन जाईन.

धाकटा


५ मार्च

सवडीची वाट बघितली नाही. बसने आले. तुझ्या खिडक्या नकोत मला.

ती जागा तुझ्या घरापासून चालत जाण्याएवढी आहे, हे तू लिहिलं नव्हतंस. लग्नाच्या दिवशी वाद्यं वाजली ती तिथल्या आयांनी ऐकली. आईला तेवढं ऐकू आलं नाही, हे एक बरं झालं.

खोली खरंच स्वच्छ आहे. सहा खाटा, शेवटची तिची. तिच्या पायांवर माझी लाल चादर होती. मी समोर जाऊन उभी राहिले. तिने मला ओळखलं, लगेच ओळखलं, आणि तोंड भिंतीकडे केलं.

मला वाटलं, थकली असेल. मी स्टूल ओढून बसले. ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "तूच सांगितलंस ना त्याला, इकडे ठेव म्हणून. तो तर घरी न्यायला तयार होता."

पायलट, हे मी बसमध्ये, स्टँडवर, इथे भाड्याने घेतलेल्या खोलीत पुन्हा पुन्हा मनात घोळवून पाहिलं. घर विकलंस ते मी समजू शकते. तिला इथे ठेवलीस तेही एक वेळ समजू शकते, तुझ्या घरातली भांडणं मी पाहिली आहेत. पण तुला तिच्यासमोर चांगलंही राहायचं होतं, आणि त्यासाठी कुणीतरी वाईट लागत होतं. मी लांब होते, मी सापडले. इतकी वर्षं ती त्या खाटेवर पडून मला शिव्या देत होती आणि रविवारी तुला आशीर्वाद. आणि मी तिकडे लाल चादरी जोडत बसले होते.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर तिला ते माझं रडगाणं वाटेल. तू सांग. येत्या रविवारी ये, तिच्यासमोर बस, आणि ज्या हाताने तिला ते खोटं लिहून दिलंस त्याच हाताने हे लिहून दे. मी आत येणार नाही, बाहेरच्या बाकावर बसेन. एवढं केलंस तर टेकडीबद्दल मी जन्मात तोंड उघडणार नाही.

तुझ्या दारात यायची इच्छा नाही, म्हणून हे तुझ्या काउंटरवर देऊन जाते.

ताई


७ मार्च

ताई,

तू काउंटरवर आलीस तेव्हा मी आतच होतो. बाहेर यायचा धीर झाला नाही.

या रविवारी माझी ड्यूटी लागली आहे. दोन माणसं सुट्टीवर आहेत. बदली मागितली पण साहेब ऐकत नाहीत. आणि खरं सांगू का, तिला हे सगळं कळून कुणाचं भलं होणार आहे? या वयात तिचा एक आधार काढून घ्यायचा? तू मोठी आहेस, तुझं मन मोठं आहे. तिच्या समजुतीत तू थोडी वाईट राहिलीस तर तुझं काय बिघडतं? चार दिवस इथे राहा, तिची सेवा कर, आपोआप तिचा राग जाईल.

पुढच्या रविवारी नक्की बघतो.

धाकटा


१३ मार्च

पायलट,

लिहिलं होतंस तसंच रविवारी तू आला नाहीस. आईने सकाळीच केस विंचरून घेतले होते. आयाला सांगून पाठीमागे उशी लावून घेतली आणि दाराकडे तोंड करून बसली. जेवणाचं ताट आलं तेव्हा म्हणाली, तो आला की जेवते. ते ताट तसंच परत गेलं. मी बाकावरून हे बघत होते आणि मनात म्हणत होते, ये रे बाबा, मला काही नको, नुसता ये.

उन्हं कलली तेव्हा मी आत गेले. वही घेतली आणि मीच लिहायला बसले. तिच्यासाठी मोठ्या अक्षरात लिहावं लागतं, आणि मोठ्या अक्षरात काही गोड करून लिहिता येत नाही, हे तुलाही ठाऊक असेल. टेकडी गेली ते लिहिलं. घर गेलं ते लिहिलं. तिला इथे ठेवलं हे मला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं, हे लिहिलं. तिने प्रत्येक पान हातात घेऊन वाचलं, ओठ हलवत, शाळेतल्या मुलीसारखं. तुझ्याविषयी फक्त म्हणाली, "त्याची ड्यूटी असेल आज." मग मी शेवटी तिला बरं वाटावं म्हणून लिहिलं की लग्नाला आले तेव्हा मी मुद्दाम खिडकी मागून घेतली होती, विमानातून तू दिसावीस म्हणून, तुझ्यासाठी चादर पाठवली होती, ती मला वरून दिसली असती, तू दिसली असतीस.

ते पान तिने दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, मी आल्यापासून पहिल्यांदा सरळ, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या खाटांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "म्हणजे तू वरून बघून जाणार होतीस."

मी पेन हातात धरून बसले. वहीत कोरं पान होतं आणि ती त्याच्याकडे बघत थांबली होती.

ताई